आईंची शिफारस

६ जानेवारी, सोमवार

पान सातवरचा ‘ऐका-वाचा’ हा कोपरा आजपासून माझ्या गळ्यात पडला. आठवड्याला एक पुस्तक, थोडं संगीत आणि एक रेडिओवरचा कार्यक्रम वाचकांना सुचवायचा, एवढंच काम. आतापर्यंत एक प्राध्यापक लिहायचे. मागच्या अंकात त्यांचा अर्धा मजकूर कापून तिथे गाद्यांच्या दुकानाची जाहिरात गेली, म्हणून ते रुसले. ती जाहिरात मीच घेतली होती, पण हे कुणाला सांगायची गरज नाही.

संपादक स्वतः माझ्या टेबलाशी आले. मी छोट्या जाहिरातींची बाई. ‘भाड्याने देणे’, ‘हरवले आहे’, ‘जुने कपाट विकणे’. ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून आत पुस्तक वाचते, हे त्यांना ठाऊक आहे असं आज कळलं. म्हणाले, “वाचतेस ना? मग लिही. दोन महिने बघू. जमलं तर जाहिरातींतून सुटका.”

या सुटकेसाठी मी किती वर्षं झुरतेय ते माझं मला ठाऊक. पुस्तकाचं जमेल. पण संगीताच्या बाबतीत माझा कान म्हणजे दगड, आणि रेडिओ ऐकायला दिवसा घरी कोण आहे? तर सासूबाई आहेत.

सासरे गेल्यावर त्या इथे आल्या ते एक बॅग आणि लाकडी पेटीचा रेडिओ घेऊन. हे जहाजावर, वर्षातले चार महिने घरी. बाकी दिवस आम्ही दोघीच. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलायला बसलो की चहा संपायच्या आत विषय संपतात. नणंदबाई त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावतायत. आई अजून “बघू” म्हणतात. गेल्या तर मला एक खोली मोकळी मिळेल, टेबल टाकता येईल.

संध्याकाळी त्यांना कोपऱ्याचं सांगितलं. “आई, रेडिओवर काय चांगलं, गाण्यात काय चांगलं, ते तुम्ही सांगायचं. मी नुसती लिहिणार.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हटलं, आता नाही म्हणणार. तर म्हणाल्या, “मी? बरं. सांगते.” आणि उठून रेडिओ पुसायला लागल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला मजकूर दिला. पुस्तक माझं: एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने लिहिलेल्या आठवणी. बाकीचं आईंचं. कुठल्याशा म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याची जुनी रेकॉर्ड त्यांनी सुचवली. “तो वाजवायला घाई करत नाही. पाहुण्याला आधी पाणी देतो आणि मग विचारतो, कसं काय येणं केलं.” मी हे जसंच्या तसं लिहिलं. रेडिओसाठी गुरुवारी दुपारचं कादंबरीवाचन. एक निवृत्त नटी वाचते म्हणे.

बाईंना एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

११ जानेवारी, शनिवार

छापून आलं! औषधाच्या दुकानदाराने गोळ्या देता देता सांगितलं, “ते पाहुण्याला पाणी देणारं वाक्य झकास हो.” मी मान तुकवली. माझं नव्हतं, हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण मागे रांग होती.

घरी आले तर दार उघडेना. बेल दाबून दाबून बोट दुखलं. शेवटी पर्सच्या तळातून किल्ली शोधली. आई आत शांतपणे विणत बसलेल्या! मला बघून दचकल्या. बेल बिघडली असणार. वायरमनला सांगून आले.

१४ जानेवारी, मंगळवार

वायरमन येऊन गेला. म्हणे बेल ठणठणीत आहे, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. मग येण्याचे पैसे कशाचे घेतलेस बाबा? असो.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्यात गाठलं. त्यांना बेलची नाही, रेडिओची तक्रार. दुपारी इतका मोठा असतो की मशीन चालवताना सुई चुकते. आईंना म्हटलं, “जरा हळू लावत जा.” त्या म्हणाल्या, “हो हो, लक्षातच आलं नाही.” आणि आता संध्याकाळी इतका हळू लावतात की त्याच खोलीत बसून मला शब्द कळत नाही. त्या मात्र मान डोलावत ऐकतात. एखादीने किती आज्ञाधारक असावं!

आणखी एक खूळ घेतलंय. जेवताना माझ्या शेजारी बसायच्या, त्या आता समोर बसतात. वर मोठा दिवा लावायचा. “अंधारात घास गोड लागत नाही,” म्हणतात. विजेचं बिल कोण भरतं, हे मी बोलले नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुसरा मजकूर दिला. आज थोडी कुरबुर झाली. त्यांनी सुचवलेलं गाणं पुन्हा जुनंच, त्यांच्या तरुणपणातलं. मी म्हटलं, “आई, गेल्या वीस वर्षांत कुणी गायलंच नाही का? तरुण वाचक पान उलटतील.” त्या म्हणाल्या, “नवीन मनात बसत नाही गं.” बसत नाही म्हणजे काय, ऐकून तर बघा! पण वर्णन असं करतात की रागावताही येत नाही. एका अंगाईबद्दल म्हणाल्या, “ही गाणाऱ्या बाईलाच झोप आलेली आहे, बाळ टक्क जागं आहे.” हसून हसून माझा चहा सांडला.

रेडिओ ऐकताना त्या पेटीवर तळहात टेकून बसतात. सासऱ्यांनी घेतलेला रेडिओ. माया असणारच. मला उगीचच यांची आठवण आली.

१९ जानेवारी, रविवार

आईंनी पहिल्यांदाच मला काही आणायला सांगितलं. गुरुवारी रेडिओवर वाचतात तीच कादंबरी, वाचनालयातून. मी म्हटलं, “ऐकताय ना? मग वाचायची कशाला?” म्हणाल्या, “पुढे काय होतं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.” आणून दिली. जाडजूड आहे. चष्मा लावून बसल्यात, हातातलं विणकाम सुद्धा बाजूला.

आजकाल चहा संपला तरी आम्ही उठत नाही. विषय पुरेनासे झाले नाहीत, वेळ पुरेनासा झालाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचा मजकूर मी लिहिलेल्या सगळ्यांत चांगला. कालच्या भागात म्हणे, धाकटा मुलगा घर सोडून जातो आणि आई त्याला निरोप द्यायला दारापर्यंतही येत नाही, आत बसून त्याच्या सदऱ्याचं बटण शिवत राहते, जो सदरा तो नेतच नाहीये. सांगताना आईंच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, “नटीने कसं वाचलं?” त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “छान. शेवटी तिचाही कंठ दाटून आला.”

मी तेच शेवटचं वाक्य केलं: ‘गुरुवारी दुपारी, शेवटच्या ओळीला वाचणारीचाही कंठ दाटून आला.’ संपादकांनी वाचून नुसतं “हं” केलं. त्यांचं “हं” म्हणजे इतरांचा हार.

२७ जानेवारी, सोमवार

तोंडघशी पडले. चारचौघांत.

गुरुवारी दुपारी कादंबरीवाचन झालंच नाही. ते रद्द करून शहराच्या सभेचं थेट प्रक्षेपण केलं, विषय सांडपाण्याची वाहिनी. सकाळपासून फोनची रीघ. एका वाचकाने विचारलं, “कंठ नक्की कुणाचा दाटला? सांडपाणी समितीच्या अध्यक्षांचा?” सगळं ऑफिस हसत होतं. गाद्यांचा दुकानदार सुद्धा जाहिरातीचं निमित्त काढून हसून गेला.

संपादक हसले नाहीत. “न ऐकता लिहिलंस. शुक्रवारपर्यंत खुलासा दे. पटला नाही तर कोपरा प्राध्यापकांकडे, आणि तू ‘हरवले आहे’ सांभाळ.”

घरी आले ती धुमसतच. पर्स ठेवायच्या आधी विचारलं, “आई, गुरुवारी तुम्ही रेडिओ ऐकलात का?” त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, बोटं नाचवत, अगदी तोंडासमोर जाऊन. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, “डुलकी लागली होती. पुस्तकात वाचलं होतं, तेच सांगितलं.”

डुलकी! म्हणजे कंठही मनाचाच! मी म्हणाले, “उद्यापासून माझं मी बघते. तुम्ही आराम करा.” एवढंच म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले तो सूर चांगला नव्हता. त्या उठल्या आणि रेडिओवर कापड घातलं.

२८ जानेवारी, मंगळवार

नणंदबाईंचा फोन. आनंदात होत्या. “वहिनी, आई यायला तयार झाली गं! काल तिने मेसेज पाठवला. रविवारी न्यायला येते.” मेसेज! एरवी मुलीशी तासभर फोनवर बोलणारी बाई. आता आठवतं, बरेच महिने त्यांना फोनवर बोलताना मी बघितलंच नाही.

चला, खोली मोकळी होईल. टेबल कुठे टाकायचं ते ठरवायला हवं. आज ठरवायला बसले, पण काही सुचलं नाही. डोकं दुखतंय.

३० जानेवारी, गुरुवार

जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. म्हटलं, आजचं वाचन स्वतः घरी बसून ऐकायचं. जिन्यातच आवाज आला. गाणं नाही, बोलणं नाही, नुसती खरखर. दोन स्टेशनांच्या मधली, कान किटवणारी. किल्लीने दार उघडलं.

पुसताना रेडिओचा काटा सरकला असणार. पेटी पूर्ण आवाजात खरखरत होती आणि आई तिच्यावर तळहात टेकून बसल्या होत्या. मांडीवर कादंबरी उघडी. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर बारीकसं हसू. मागून हाक मारली. पुन्हा मारली. मग ओरडले. त्या वळल्या नाहीत.

मी तशीच बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. बेल ठणठणीत होती. मोठा दिवा माझे ओठ दिसावेत म्हणून होता. नवीन गाणी मनात बसत नव्हती, कारण आत जायला वाटच नव्हती. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी वायरमनला बोलावत होते!

शिंपीणबाई वरून उतरत होत्या. म्हणाल्या, “दुपारी रोजच असा आवाज असतो. एकदा दार ठोठावलं होतं मी, उघडलं नाही त्यांनी. रागावल्या असतील म्हणून मग गप्प बसले.” मी म्हटलं, “रागावल्या नव्हत्या हो.” त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या आणि आल्या पावली वर गेल्या.

तोंड पुसून आत गेले. त्यांच्या समोर जाऊन बसले आणि रेडिओ बंद केला. हाताखालची थरथर थांबली तसे त्यांनी डोळे उघडले.

“कधीपासून?” मी विचारलं.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. “डावा तुझे सासरे होते तेव्हाच गेला. उजवा उन्हाळ्यापासून. समोर असलीस की ओठांवरून कळतं. पाठ फिरवलीस की संपलं.”

“मग मी सांगितलं तेव्हा हो का म्हणालात? नाही म्हणायचं होतं!”

“अगं, या घरात मी आल्यापासून तू कधी माझ्याकडे काही मागितलंस का? जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच विचारतेस. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलंस. आणि नेमके कानच मागितलेस. मी काय म्हणणार होते, नाहीत म्हणून?”

मी त्यांच्या मांडीवरची कादंबरी उचलून मिटली.

“गाणी डोक्यात आहेत सगळी,” त्या म्हणाल्या. “ती सांगितली. रेडिओचं वाटलं, वेळापत्रक पेपरात असतंच, पुस्तक आधी वाचून ठेवलं की निभेल. तीन आठवडे निभलं. तुझं नुकसान झालं ते मात्र वाईट झालं. रविवारी जाते मी. माझा आता काय उपयोग?”

“तुमची मर्जी,” मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे. जीभच तशी आहे माझी.

३१ जानेवारी, शुक्रवार

खुलासा लिहिला होता. ‘नजरचुकीने असे झाले, सर्वस्वी जबाबदारी माझी’ वगैरे. सकाळी चहाबरोबर आईंनी तो ओढून घेतला, वाचला आणि म्हणाल्या, “हे कुणाला पटेल? सांडपाण्याच्या सभेत कुणाची नजर चुकते?” मग माझं पेन घेऊन त्यांनी स्वतः लिहिलं. मी म्हटलं, हे छापायला नको, गावभर होईल. यांनाही कळेल, नणंदताईंनाही. त्या म्हणाल्या, “तुला खोटारडी म्हणतायत. मला फार तर बहिरी म्हणतील. आणि ते खरंच आहे.”

मी ते पाकिटात घालून संपादकांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि एक शब्दही न कापता छापायला पाठवलं. इथे उतरवून ठेवते:

‘मागच्या आठवड्यात रेडिओची जी शिफारस आली, ती मी केली होती. मला ऐकू येत नाही. हे मी घरात लपवलं. सून माझ्या भरवशावर लिहीत होती, तिला दोष देऊ नये. कंठ दाटला होता तो माझा, पुस्तक वाचताना. पुस्तक मात्र खरंच चांगलं आहे, अवश्य वाचा. ज्यांना माझ्यासारखं ऐकू येत नाही त्यांना या आठवड्याचं संगीत: कुठलंही मोठं, जाड तारांचं वाद्य. स्पीकर लाकडी टेबलावर ठेवा आणि वर हात टेका. सूर कळत नाहीत, पण कुणीतरी वाजवतंय हे कळतं. एकट्याच्या दुपारी तेवढं पुष्कळ होतं. रेडिओ: या आठवड्यात शिफारस नाही. ज्यांच्या घरी कुणी मोठा रेडिओ लावत असेल, त्यांनी एकदा आत जाऊन बघावं.’

१ फेब्रुवारी, शनिवार

औषधवाला आज काही बोलला नाही. पिशवी हातात देताना फक्त म्हणाला, “माझी आई पण टीव्ही फार मोठा लावते.”

संपादकांचा घरी फोन. “पुढच्या आठवड्याचा मजकूर बुधवारी दे. आणि खाली दोघींची नावं घालायची.” मी म्हटलं, त्या उद्या चालल्यात. ते म्हणाले, “मग मला तुझ्या एकटीचा नकोय.” फोन ठेवून दिला! हा माणूस कधी सरळ बोलेल तर शपथ.

कानाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेऊन ठेवली. उजव्या कानाला यंत्राचा थोडा उपयोग होईलही, बघूनच सांगू म्हणाले. ताईंच्या गावीही डॉक्टर असतीलच म्हणा.

आईंनी बॅग भरली. रेडिओ टॉवेलात गुंडाळलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

ताई दुपारी आल्या. आईच्या गळ्यात पडून रडल्या, माझ्यावर थोड्या रागावल्या, मग माझ्याही गळ्यात पडल्या. मनाने चांगल्या आहेत. जेवणं झाली. ताई बाहेरच्या खोलीत गाडीवाल्याशी फोनवर बोलत होत्या, रेडिओ गाडीत कुठे ठेवायचा याबद्दल. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आई ओट्याशी उभ्या राहून पुसत होत्या, नेहमीसारख्या.

मनात सगळं तयार होतं. यांची सुट्टी जवळ आलीय, संपादक हट्टाला पेटलेत, मंगळवारची डॉक्टरांची वेळ वाया जाईल. एकेक कारण घासून पुसून ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडातून निघेना. नळ सुरू होता, मान खाली होती, आणि मी म्हणाले, “आई, जाऊ नका ना.”

काही उत्तर नाही. त्या ताटली पुसत राहिल्या.

मग लक्षात आलं. मी कुणाला सांगत होते, नळाला?

नळ बंद केला. हात पुसले. त्यांच्या खांद्याला धरून त्यांना माझ्याकडे वळवलं. एवढ्या जवळून मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. असं तोंडावर काही सांगायचं म्हणजे फार अवघड असतं, लपायला जागाच राहत नाही.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

“तुझा कोपरा...”

“कोपरा गेला खड्ड्यात. उपयोगासाठी नाही म्हणत. मला तुम्ही घरात हव्या आहात.”

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. हातातली ताटली कधीच कोरडी झाली होती.

“पुन्हा सांग.”

“कळलंय तुम्हाला.”

“कळलंय,” आई म्हणाल्या. “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.